वाचकांचे प्रश्न : कप्पा रिकामा झाला, म्हणजे गोळी घेतली का?

औषधाची वेळ झाली की वाजणाऱ्या, आणि कप्प्यातली गोळी उचलली गेली की नाही हे प्रकाशाच्या मदतीने ओळखणाऱ्या डब्यांविषयी मागील अंकात एका वाचकाला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात येथे घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी काहींनी असे डबे विकत घेतले आहेत, काहींनी स्वतः बांधले आहेत, आणि तक्रारीचा सूर बहुतेकांचा सारखाच आहे: डबा एक सांगतो आणि घडलेले वेगळेच असते. मागील उत्तर ज्यांच्या वाचनात आले नसेल त्यांच्यासाठी एवढे पुरे, की या डब्यांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकणारी छोटी एलईडी आणि तो प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर अशी जोडी असते. ही जोडी शेजारी-शेजारी बसवली तर गोळीवरून परतलेला प्रकाश मोजला जातो; समोरासमोर बसवली तर गोळीमुळे किती प्रकाश अडला ते मोजले जाते.

प्रश्न : वडिलांसाठी मी अठ्ठावीस कप्प्यांचा, म्हणजे दिवसाला चार याप्रमाणे आठवड्याचा डबा घरीच तयार केला. प्रत्येक कप्प्याच्या तळाला परतणारा प्रकाश टिपणारा सेन्सर आहे. रात्री सगळे अचूक चालते. सकाळी मात्र डबा खिडकीपाशी उघडला, की एकाही गोळीला हात न लावता सगळे कप्पे ‘रिकामे’ दिसतात आणि आठवडाभराच्या गोळ्या एका मिनिटात घेतल्याची नोंद माझ्या फोनवर येते. सेन्सर खराब आहेत का?

उत्तर : सेन्सर चांगले आहेत. त्यांना उन्हात काही दिसत नाही, आणि दिसत नाही हे सांगण्याची सोय आपण त्यांना दिलेली नाही.

फोटोट्रान्झिस्टरला आपला प्रकाश कोणता आणि परका कोणता हे कळत नाही. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो, आणि तो थेट कप्प्यात शिरला की फोटोट्रान्झिस्टर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. पत्रासोबत पाठवलेल्या प्रोग्रॅमवरून असे दिसते, की आपण एलईडी बंद असतानाचे आणि चालू असतानाचे अशी दोन वाचने घेऊन त्यांची वजाबाकी करता. पद्धत योग्य आहे, पण भांडे आधीच काठोकाठ भरलेले असेल तर त्यात पेलाभर पाणी ओतले की नाही हे पातळी पाहून कळत नाही. दोन्ही वाचने कमाल येतात, फरक शून्य येतो, आणि शून्य फरकाचा अर्थ प्रोग्रॅम ‘प्रकाश परतला नाही, म्हणजे गोळी नाही’ असा लावतो.

पहिला उपाय सर्वांत सोपा आहे: झाकण उघडे असताना मोजूच नये. झाकणात लहानसा चुंबक आणि कडेला चुंबकाने मिटणारा स्विच बसवावा, झाकण बंद झाल्यावर एक-दोन सेकंद जाऊ द्यावेत, आणि मग अंधारात वाचन घ्यावे. गोळी उचलण्याच्या क्षणी ती उचललेली दिसलीच पाहिजे असा आग्रह बहुतेक जण धरतात, पण त्याची गरज नसते; झाकण मिटल्यावर कप्प्यात काय उरले हे कळले की काम झाले.

मात्र झाकण खरोखर अंधार करते का, हे डोळ्यांनी ठरवू नका. काळेभोर दिसणारे काही प्लॅस्टिक अवरक्त प्रकाशाला काचेसारखे पारदर्शक असते. दूरचित्रवाणीच्या रिमोटच्या तोंडावरची गडद पट्टी हे त्याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. रिमोटच्या तोंडासमोर आपल्या डब्याचे झाकण धरा आणि बटण दाबा. वाहिनी बदलली तर ते झाकण सेन्सरच्या दृष्टीने खिडकीच आहे, आणि त्याला आतून धातूची पातळ पट्टी चिकटवावी लागेल.

त्यानंतर सर्किटकडे वळा. फोटोट्रान्झिस्टरसोबत आपण १०० किलोओहमचा रोध लावला आहे. तो १० किलोओहमचा केला तर संवेदनक्षमता घटेल, पण कमाल मर्यादा तितकीच दूर जाईल आणि प्रतिसादही जलद होईल. वाचने दोनऐवजी तीन घ्या: एलईडी बंद, चालू, पुन्हा बंद. दोन्ही ‘बंद’ वाचनांची सरासरी ‘चालू’ वाचनातून वजा केली, की मध्येच ढग आला किंवा हाताची सावली पडली तरी गडबड होत नाही. एलईडी ९४० नॅनोमीटरची निवडा, कारण हवेतील बाष्प सूर्यप्रकाशातला त्या तरंगलांबीच्या आसपासचा भाग बराच शोषून घेते; फक्त तेवढाच प्रकाश आत सोडणारा गाळणीचा पडदा असलेला सेन्सर मिळाला तर सूर्यप्रकाशातल्या या उणिवेचा खरा फायदा होतो.

एवढे सगळे करूनही मूळ चूक तशीच राहू शकते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. आपल्या प्रोग्रॅमला दोनच उत्तरे ठाऊक आहेत, भरलेला आणि रिकामा. त्याला तिसरे उत्तर शिकवा: सांगता येत नाही. ‘बंद’ वाचन कमाल मर्यादेच्या जवळ असेल, किंवा एकाच क्षणी चारपेक्षा अधिक कप्प्यांची स्थिती बदललेली दिसत असेल, तर नोंद करू नये. डब्याच्या आत एका कोपऱ्यात पांढऱ्या ठिपक्यासमोर एकोणतिसावा सेन्सर कायमचा बसवून ठेवा. त्याला तो ठिपका दिसेनासा झाला, तर त्या वेळी इतर अठ्ठावीस जणांची साक्ष ग्राह्य धरू नये.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. शेजारी-शेजारी बसवलेल्या जोडीत एलईडी जळाली, तार सुटली किंवा ऊन आले, तर चूक ‘गोळी नाही’ या बाजूला पडते, म्हणजे न घेतलेली गोळी घेतली अशी नोंद होते. समोरासमोर बसवलेल्या जोडीत एलईडी जळाली किंवा सेन्सरच्या तोंडावरच्या पारदर्शक खिडकीवर धूळ बसली, तर प्रकाश अडल्यासारखा दिसतो आणि चूक ‘गोळी अजून आहे’ या बाजूला पडते. यंत्र बिघडणारच असेल तर कोणत्या बाजूला बिघडावे, हे सेन्सर विकत घेण्याआधी ठरवण्याची बाब आहे. शेवटच्या पत्राच्या उत्तरात तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाने चकती फिरवून गोळी नळीतून वाटीत सोडणारे यंत्र केले आहे. नळीच्या तळाशी समोरासमोर सेन्सर आहे आणि त्याचे वाचन आम्ही दर २० मिलिसेकंदांनी घेतो. शंभर गोळ्या सोडल्या तर पस्तीस-चाळीसच मोजल्या जातात. दोन गोळ्या एकदम पडल्या तर एकच मोजली जाते.

उत्तर : पहिल्या तक्रारीचे उत्तर कागदावरच निघते. नळीत ५ सेंटिमीटर पडल्यानंतर गोळीचा वेग सेकंदाला जवळपास १ मीटर होतो. ८ मिलिमीटर व्यासाची गोळी उभी पडत असेल तर ती प्रकाशाच्या बारीक पट्ट्यासमोर ८ मिलिसेकंद असते; आडवी पडत असेल आणि जाडी ४ मिलिमीटर असेल, तर फक्त ४. आपण दर २० मिलिसेकंदांनी एकदा डोकावता, तेव्हा दहापैकी सहा ते आठ गोळ्या दोन डोकावण्यांच्या मधल्या वेळात निघून जाणारच. आपला आकडा पस्तीस-चाळीस यावा हे गणिताला धरूनच आहे. चकती फिरू लागल्यापासून अर्धा सेकंद वाचन दर ०.२ मिलिसेकंदाला घ्या. बाकीच्या वेळी सेन्सर झोपलेला असला तरी चालेल.

दुसरी तक्रार मात्र खरोखर अवघड आहे, आणि तिच्यात रमण्यासारखे पुष्कळ आहे. पट्टा किती वेळ अडला एवढ्यावरून एक गोळी आणि दोन गोळ्या यांत फरक करता येत नाही, कारण एकमेकींना चिकटून पडणाऱ्या ८ मिलिमीटरच्या दोन गोळ्या १६ मिलिसेकंद घेतात, तर उभी पडणारी १८ मिलिमीटरची एकच कॅप्सूल १८. म्हणून वेळेसोबत पट्ट्याचा किती भाग अडला हेही मोजावे. नळीच्या पूर्ण रुंदीचा प्रकाशाचा पडदा केला, आणि प्रत्येक वाचनात अडलेला भाग मोजून त्यांची बेरीज केली, तर पडणाऱ्या वस्तूच्या सावलीचे क्षेत्रफळ मिळते.

आता आपल्याच गोळीची सावली मोजून पाहू. ८ मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची चपटी गोळी पडद्याला तोंड करून पडली तर तिची सावली सुमारे ५० चौरस मिलिमीटर असते, आणि कड करून पडली तर ३२. वाटेल की सावली नेहमी या दोहोंच्या मध्येच राहील. पण तिरपी पडणारी गोळी आपले तोंड आणि कड दोन्ही एकदम दाखवते, आणि तिची सावली ६० पर्यंत वाढते. दोन गोळ्यांची सावली कमीत कमी ६४. म्हणजे एकीची कमाल आणि दोघींची किमान यांत ४ चौरस मिलिमीटरचे अंतर आहे, तेही गोळी नळीच्या भिंतीला न आपटता सरळ, एकाच वेगाने पडली तर. एक गोळी दुसरीच्या मागे लपली तर तेवढेही अंतर उरत नाही. त्यासाठी पहिल्या पडद्याशी काटकोनात दुसरा पडदा लावावा लागतो. आणि कापलेल्या अर्ध्या गोळ्या असतील तर ही सारी गणिते पुन्हा नव्याने मांडावी लागतात.

म्हणून माझा सल्ला असा, की हुशारी सेन्सरमध्ये घालण्याआधी चकतीत घाला. चकतीची भोके एकच गोळी मावेल एवढ्या व्यासाची आणि एकाच गोळीच्या जाडीएवढी खोल करा, आणि वरून जादा गोळी लोटून देणारा मऊ ब्रश बसवा. गोळ्या आधी सुट्या झाल्या की मोजणे सोपे होते. आपल्या प्रकल्पाच्या अहवालात दोन पडद्यांचे गणित अधिक शोभून दिसेल हे खरे आहे, पण यंत्र ब्रशमुळे चालेल.

प्रश्न : विकत घेतलेला डबा दोन महिने उत्तम चालला. आता गोळी काढून घेतली तरी दोन कप्पे भरलेले दिसतात. उलट एका कप्प्यात एखादी गोळी उरलेली असूनही तो रिकामा दिसतो.

उत्तर : दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. पहिल्या दोन कप्प्यांत आपण बहुधा आवरण नसलेल्या, हाताला भुकटी लागणाऱ्या गोळ्या ठेवत असाल. असाच एक बिघडलेला डबा मी उघडून पाहिला होता. सेन्सरच्या हरभऱ्याएवढ्या खिडकीवर इतका पातळ पांढरा थर होता, की दिव्यासमोर तिरपा धरल्याशिवाय तो दिसला नाही. पण खिडकीला चिकटलेला तो थर सेन्सरला समोर बसलेल्या गोळीइतकाच प्रकाश परत पाठवत होता. किंचित ओलसर कापूस फिरवला आणि डबा सुधारला. आठवड्याच्या गोळ्या भरताना रिकाम्या कप्प्याच्या खिडक्या पुसून घ्याव्यात आणि कोरड्या होऊ द्याव्यात. चांगल्या डब्यात भरण्याआधी रिकाम्या कप्प्यांचे वाचन घेऊन तेच त्या आठवड्याचे शून्य मानण्याची सोय असते. आपल्या डब्याच्या माहितीपत्रकात ती आहे का ते पाहा.

दुसऱ्या तक्रारीचे कारण असे, की परावर्तनावर चालणाऱ्या लहान सेन्सरची नजर फार आखूड असते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीआरटी ५००० या सेन्सरला सर्वांत स्पष्ट दिसते ते अवघ्या अडीच मिलिमीटरवरचे, आणि पुढे दृष्टी झपाट्याने मंदावते. तळ सपाट असेल तर उरलेली एकटी गोळी कोपऱ्यात जाऊन कडेवर उभी राहते आणि मध्यभागी बसलेल्या सेन्सरला तिचा पत्ता लागत नाही. कप्प्याचा तळ वाटीसारखा खोलगट असला तर शेवटची गोळी आपोआप सेन्सरवर येऊन बसते. तसा तळ नसेल तर त्या कप्प्यात एका वेळी एकच गोळी ठेवणे बरे. एका कप्प्यात चार गोळ्या असतील तर हा सेन्सर ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगतो; तीन घेतल्या आणि एक राहिली हे त्याला कधीच कळत नाही.

प्रश्न : तेल भरलेल्या पारदर्शक मऊ कॅप्सूल आमच्या डब्याला दिसत नाहीत. समोरासमोरचा सेन्सर आहे.

उत्तर : त्या कॅप्सूल अवरक्त प्रकाश फारसा अडवत नाहीत, त्या तो वळवतात. तेलाने भरलेली फुगीर कॅप्सूल हे एक भिंगच आहे, आणि ती नेमकी मध्ये आली तर प्रकाश गोळा करून फोटोट्रान्झिस्टरवर नेहमीपेक्षा अधिक पाडूही शकते. आपला प्रोग्रॅम प्रकाश कमी होण्याचीच वाट पाहत असेल तर त्याला हे उमजत नाही. रिकाम्या कप्प्याचे वाचन आधार धरून त्यापासून कमी किंवा अधिक, कोणत्याही दिशेने झालेला बदल म्हणजे ‘काहीतरी आहे’ असे मानावे. प्रकाशाची रेषा कप्प्याच्या मध्यातून न नेता थोडी बाजूने नेली, तर कॅप्सूलच्या वक्र कडेमुळे ती हमखास विचलित होते.

प्रश्न : सतत अवरक्त प्रकाश पडल्याने औषध खराब होत नाही का?

उत्तर : या प्रकाशाने नाही. काही औषधे प्रकाशाने बिघडतात हे खरे आहे. रक्तदाबासाठी दिले जाणारे निफेडिपिन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पण हा बिघाड अतिनील आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाने होतो, आणि औषधांच्या बाटल्या तपकिरी असतात त्या हाच भाग अडवण्यासाठी. ९४० नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा निळ्या प्रकाशकणाच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि तो पडतो तोही सेकंदाच्या काही हजारांश भागापुरता. कप्पा शोभेसाठी निळ्या किंवा पांढऱ्या दिव्याने रात्रंदिवस उजळणारे डबे मात्र मला पसंत नाहीत.

खरी काळजी प्रकाशाची नाही, हवेची आणि ओलाव्याची करावी. छातीतल्या कळेसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळ काचेच्या बाटलीतच ठेवायची असते, कारण तिच्यातले औषध उडून जाते. रक्त पातळ ठेवणारे डॅबिगाट्रान ओलाव्याने बिघडते, म्हणून ते मूळ पॅकिंगमधून काढून कप्प्यांत भरू नये असे सांगितले जाते. कोणतेही औषध डब्यात भरण्याआधी ते मूळ वेष्टनातून काढून ठेवलेले चालते का, हे औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे.

प्रश्न : मी बांधलेल्या डब्याचा बटणासारखा सेल एक दिवसही टिकत नाही.

उत्तर : सीआर २०३२ जातीच्या सेलची क्षमता सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास असते. एकच एलईडी २० मिलिअँपिअरवर सतत जळत ठेवली तरी हिशेबाने अकरा तासांत सेल संपतो. प्रत्यक्षात इतका प्रवाह सतत देणे त्याला झेपतच नाही आणि तो त्याआधीच मान टाकतो. एलईडी वाचनापुरती, २०० मायक्रोसेकंद, लावा. अठ्ठावीस कप्पे एकामागून एक पाहिले तर एका फेरीला ५.६ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला एक फेरी धरली तर एलईडींचा सरासरी प्रवाह २ मायक्रोअँपिअरच्या आत येतो, आणि त्या हिशेबाने सेल तेरा वर्षांहून अधिक पुरावा. अर्थात तोवर सेल स्वतःच म्हातारा होतो. एलईडींचा खर्च असा नगण्य झाला, की खरे खाणारे उघडे पडतात: न झोपणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, आणि फोनला निरोप धाडणारा रेडिओ. वायफाय असेल तर बटण-सेलचा नाद सोडून मोठी बॅटरी घ्या. कप्पे एकामागून एक पाहण्याचा आणखी एक लाभ म्हणजे शेजारच्या कप्प्याचा प्रकाश भलत्या सेन्सरवर पडत नाही.

प्रश्न : माझी आई दुसऱ्या गावी एकटी राहते. तिच्या डब्याचा ‘औषध घेतले’ हा निरोप माझ्या फोनवर रोज येत होता आणि तीन महिने मी निर्धास्त होते. गेल्या आठवड्यात तिच्या उशीच्या अभ्र्यात एकोणीस गोळ्या सापडल्या. डबा विकणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे, की सेन्सर अचूक चालतो आहे. गोळी खरोखर गिळली हे कळणारा डबा मिळतो का?

उत्तर : असा डबा मिळत नाही. कंपनीचे म्हणणे खरे आहे आणि तिचा निरोप खोटा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. सेन्सरने एवढेच पाहिले, की अमुक वाजता झाकण उघडले आणि ते मिटल्यावर कप्प्यातून परतणारा प्रकाश कमी झाला. त्यावरून गोळी कप्प्यातून निघाली असे म्हणता येते. ‘औषध घेतले’ हे वाक्य सेन्सरचे नाही. ते निरोप लिहिणाऱ्याने त्याच्या तोंडी घातले आहे.

हा घोळ या डब्यांपेक्षा जुना आहे. औषधाच्या बाटलीचे झाकण केव्हा उघडले याची वेळ टिपणारी इलेक्ट्रॉनिक झाकणे संशोधनासाठी १९८० च्या दशकापासून वापरात आहेत, आणि बाटली उघडणे म्हणजे औषध घेणे नव्हे हा आक्षेपही तेव्हापासूनच आहे. त्याही आधी, १९६४ मध्ये, डेव्हिड वॅग्नर यांना संततिनियमनाच्या गोळ्यांच्या गोल, वारांप्रमाणे आखलेल्या डबीचे अमेरिकी पेटंट मिळाले. आजची गोळी घेतली की नाही, या रोजच्या घरगुती शंकेतून ती डबी निघाली होती, आणि तिच्यात सेन्सर नव्हता. रिकामी झालेली जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी एवढीच योजना होती. जिला गोळी घ्यायची आहे पण आठवत नाही, तिला त्या डबीने उत्तर दिले. आपल्या आईंची अडचण विसरण्याची दिसत नाही. विसरणाऱ्याच्या गोळ्या कप्प्यात राहतात, अभ्र्यात जात नाहीत.

पोटात गेलेली गोळी ओळखण्याचा प्रयोग झाला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲरिपिप्राझोल या मानसिक आजारांवरील औषधाच्या अशा गोळीला मान्यता दिली, जिच्यात वाळूच्या कणाएवढा सेन्सर होता. जठरातील द्रवाशी संपर्क आला की तो अंगावर चिकटवलेल्या पट्टीला संकेत देत असे. पण ते एका औषधापुरते होते, कोणत्याही गोळीला लावता येण्याजोगे नव्हते. क्षयरोगाच्या उपचारात रुग्णाने दुसऱ्या माणसासमोर बसून गोळी गिळण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे, आणि तिच्यात सेन्सरचे काम माणूस करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. तेव्हा आई काही जगावेगळे करत आहेत असे मनात आणू नका.

आता पहिल्या पत्राच्या उत्तरात राहिलेली गोष्ट. डबा चुकला तर कोणत्या बाजूला चुकावा? न घेतलेली गोळी घेतली असे दाखवले तर एक मात्रा बुडते आणि कोणाला कळत नाही. घेतलेली गोळी घेतली नाही असे दाखवून वर ‘गोळी घ्या’ असा गजर केला, तर तीच मात्रा दुसऱ्यांदा पोटात जाते. कित्येक औषधांची एखादी मात्रा बुडणे हे ती दुप्पट होण्याहून कमी धोक्याचे असते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून शंका असताना डब्याने ‘घ्या’ असे कधीही म्हणू नये. ‘कप्पा पाहा’ असे म्हणावे.

आपल्याला तातडीने करण्यासारखे काम डब्याचे नाही, डॉक्टरांकडचे आहे. या तीन महिन्यांत डॉक्टरांनी ती नोंद पाहून, औषध चालू असूनही गुण येत नाही असे समजून मात्रा वाढवली असेल, तर आई उद्यापासून सगळ्या गोळ्या नेमाने घेऊ लागल्या की ती वाढीव मात्रा त्यांना एकदम लागू पडेल. रक्तदाब किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या त्यांत असतील तर हे फार गंभीर आहे. एकोणीस गोळ्या कोणत्या होत्या ते ओळखून, त्यांच्यासह डॉक्टरांना आजच कळवा, आणि त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत ‘आता सगळ्या घे’ असे आईंना सांगू नका.

आईंना ‘का लपवल्यास’ असे विचारण्यापेक्षा कोणती गोळी नकोशी वाटते ते विचारा. अभ्र्यात एकाच प्रकारच्या गोळ्या निघाल्या असतील तर कारण बहुधा त्या गोळीतच आहे: ती मोठी असेल, घशात अडकत असेल, ती घेतल्यावर चक्कर येत असेल किंवा रात्री वारंवार उठावे लागत असेल. यांपैकी पुष्कळ गोष्टींवर डॉक्टरांना दुसरी गोळी, वेगळी वेळ किंवा पातळ औषध असा मार्ग काढता येतो.

डबा टाकून देऊ नका. फोनवरच्या ॲपमध्ये निरोपाचा मजकूर बदलता येत असेल तर ‘औषध घेतले’ काढून ‘रात्रीचा कप्पा ९ वाजून १० मिनिटांनी रिकामा झाला’ असे लिहा. ही नोंद आपल्याकडे येते हे आईंना ठाऊक असू द्या, आणि ती बंद करण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच ठेवा. साडेनऊपर्यंत कप्पा रिकामा झाला नाही, तर डब्याने त्यांच्याजवळ पुन्हा पुन्हा वाजत राहण्याऐवजी आपल्या फोनवर एकदाच सूचना द्यावी, आणि आपण त्यांना फोन लावावा.